पियानो कोणाचा?

घरांतील वडिलोपार्जित वस्तूंचा एक विशेष असा कीं, ती वस्तु आपल्या घरीं कशी आली हें आपण सहसा विचारीत नाहीं. आजोबांची आरामखुर्ची, पणजीची नथ, देवघरांतील समई, कोपऱ्यांतील बाजाची पेटी, या साऱ्या वस्तु आपल्या जन्माआधींपासून घरांत होत्या, म्हणून त्या आपल्या, असें आपण धरून चालतों. वस्तु जितकी जुनी तितकी तिच्यावरील मालकी निर्विवाद, असा जणूं आपला घरगुती न्याय आहे. या न्यायाला धक्का देणाऱ्या दोन कलाकृति अलीकडे पुन्हां एकदां बारकाईनें पाहण्याचा व वाचण्याचा योग आम्हांला आला. एक, न्यूझीलंडमध्यें जन्मलेल्या जेन कॅम्पियन या दिग्दर्शिकेचा १९९३ सालचा ‘द पियानो’ हा बोलपट. आणि दुसरी, अमेरिकेंतील कृष्णवर्णीय नाटककार ऑगस्ट विल्सन यांचें १९८७ सालीं प्रथम रंगभूमीवर आलेलें ‘द पियानो लेसन’ हें नाटक. दोहोंच्या मध्यभागीं एक पियानो आहे. दोहोंतील माणसें मूळ ठिकाण सोडून दुसऱ्या भूमींत संसार मांडीत आहेत. दोहोंत तो पियानो जमिनीच्या मोलानें तोलला जातो, आणि दोहोंत एक बाई त्याच्या आड उभी राहून तो जाऊं देण्यास नकार देते. इतकें साम्य असूनहि दोन्ही कृति आपल्याला निरनिराळ्या ठिकाणीं नेऊन पोंचवतात. ‘पियानो कोणाचा?’ हा प्रश्न बोलपटानें अर्धा विचारला व नाटकानें पुरा विचारला, असें आमचें मत झालें आहे. तें कां झालें, हें येथें मांडावयाचें आहे.

प्रथम या वाद्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं पेटी असेल. पियानो मात्र मुंबईंतील पारशी कुटुंबांत किंवा गोव्याच्या ख्रिस्ती घरांत पाहिलेला, एवढीच बहुतेकांची त्याच्याशीं ओळख. पेटीहि मूळची परदेशी. पॅरिस येथें १८४२ सालीं तिच्या पूर्वजाचें पेटंट घेतलें गेलें. परंतु आपल्याकडे आल्यावर तिचे पाय गेले, ती जमिनीवर बसली, एका हातानें भाता व दुसऱ्या हातानें पट्ट्या अशी तिची नवी घडण झाली, आणि नाटकमंडळ्यांच्या सामानाबरोबर ती गांवोगांव हिंडूं लागली. पियानोला हें साधलें नाहीं. त्याच्या पोटांत दोनशेंहून अधिक तारा आंवळून ताणलेल्या असतात. पट्टी दाबली कीं नमद्यानें मढवलेली एक लहानशी हातोडी उडून तारेवर आदळते आणि खालची लाकडाची पातळ फळी तो नाद वाढवते. सगळ्या तारांचा मिळून ताण कित्येक टनांचा. तो पेलण्यासाठीं आंत लोखंड घालावें लागतें. हवेंतील ओलाव्यानें फळी फुगते, खारट वाऱ्यानें तारा गंजतात, आणि जागा बदलली कीं सूर ढळतात. असें हें वाद्य ज्याला उद्यां गांव सोडावयाचें आहे तो माणूस बाळगीत नाहीं. पियानो घरांत आणणें म्हणजे ‘आम्ही आतां येथून परत जाणार नाहीं’ असें जाहीर करणें होय.

म्हणूनच युरोपीय वसाहतींच्या इतिहासांत पियानो फार लवकर दिसूं लागतो. १७८८ सालीं इंग्लंडहून कैद्यांचीं व शिपायांचीं अकरा जहाजें ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागलीं. त्यांपैकीं ‘सिरियस’ या जहाजावरील जॉर्ज वर्गन नांवाच्या शल्यवैद्यानें आपला पियानो बरोबर आणला होता. सातशेंहून अधिक कैदी, मोजकें धान्य, राहावयास तंबू, आणि त्यांत एक पियानो! १७९१ सालीं स्वदेशीं परतण्यापूर्वीं वर्गननें तो एलिझाबेथ मॅकार्थर या लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीला देऊन टाकला, आणि चार-दोन चाली आपल्याला वाजवितां येऊं लागल्याचें या बाईंनीं मोठ्या कौतुकानें मायदेशीं कळविलें. पुढें न्यूझीलंडांतहि हेंच झालें. गलबतांतून उतरवून, बैलगाडीवर घालून, चिखलांतून ओढीत नेऊन हीं वाद्यें लाकडी झोंपड्यांत मांडलीं गेलीं. शनिवारीं नाच, रविवारीं भजन, मुलींचें शिक्षण, पाहुण्यांपुढें घराची प्रतिष्ठा, हें सारें त्या एका वस्तूभोंवतीं जमे. आईकडून मुलीकडे, मुलीकडून नातीकडे तो जाई, आणि दोन पिढ्यांनीं तो ‘आमच्या घराण्याचा पियानो’ होई. त्या घराखालची जमीनहि त्याच दोन पिढ्यांत ‘आमच्या घराण्याची जमीन’ झालेली असे. या दोन वाक्यांचा परस्परांशीं संबंध काय, हाच आमचा विषय आहे.

कॅम्पियनबाईंच्या बोलपटाची कथा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास घडते. अ‍ॅडा ही स्कॉटलंडांतील एक विधवासदृश स्त्री. वयाच्या सहाव्या वर्षापासून तिनें बोलणें सोडलेलें आहे. बोलपटाची नायिका मुकी असावी, ही कल्पनाच मोठी धाडसाची. तिचे वडील तिचें लग्न तिनें कधींहि न पाहिलेल्या स्टूअर्ट नांवाच्या न्यूझीलंडांतील वसाहतवाल्याशीं लावून देतात. नऊ-दहा वर्षांची मुलगी फ्लोरा व आपला पियानो घेऊन ती एका निर्मनुष्य किनाऱ्यावर उतरते. स्टूअर्ट पेट्या व गांठोडीं उचलवतो. पियानो फार जड म्हणून लाटांच्या तोंडाशीं सोडून देतो. शेजारी राहणारा बेन्स हा गोरा असला तरी तोंडावर माओरींसारखें गोंदवून घेतलेला व त्यांची भाषा बोलणारा असा निरक्षर गृहस्थ आहे. तो मायलेकींना पुन्हां त्या किनाऱ्यावर नेतो, आणि अ‍ॅडा समुद्रासमोर उभी राहून वाजवते तेव्हां त्याच्या मनांत कांहींतरी हलतें. तो स्टूअर्टला ओढ्यापलीकडची आपली ८० एकर जमीन देऊं करतो व मोबदल्यांत पियानो आणि अ‍ॅडाकडून शिकवणी मागतो. स्टूअर्ट तात्काळ कबूल होतो. अ‍ॅडा संतापून कागदावर लिहून कळवते कीं पियानो माझा आहे. तिला उत्तर मिळतें तें असें कीं, कुटुंबांत सर्वांनाच त्याग करावा लागतो.

या बोलपटाचें सामर्थ्य नाकारण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. कान येथील महोत्सवांत १९९३ सालीं एका चिनी बोलपटाबरोबर त्याला सर्वोच्च बक्षीस विभागून मिळालें, आणि तें मिळविणारी कॅम्पियन ही पहिली स्त्री. हा मान योग्यच होता. मायकेल नायमन यांनीं रचलेलें संगीत नायिकेची भूमिका करणाऱ्या हॉली हंटर यांनीं स्वतःच्या हातांनीं वाजविलें आहे, आणि त्यामुळें पियानो हें तिचें बोलणें आहे ही गोष्ट सांगावी लागत नाहीं, ती दिसते. पियानो किनाऱ्यावर राहिलेला असतांना अ‍ॅडा स्वयंपाकघरांतील मेजावर सुरीनें पट्ट्या कोरते आणि त्या मुक्या लाकडावर बोटें फिरवते. शेजारीं मुलगी गात असते. नवरा दारांत येऊन हें पाहतो आणि बायकोचें डोकें ठिकाणावर आहे ना, या शंकेनें घाबरतो. एका वस्तूपासून माणसाला तोडल्यावर त्याचें काय होतें, हें याहून कमी साधनांत दाखविलेलें आम्हीं पाहिलेलें नाहीं. तसेंच तें आंधळ्या सूर लावणाऱ्याचें दृश्य. बेन्सच्या झोंपडींत पियानो सुरांत लावावयास आलेला हा म्हातारा पट्ट्यांवर वाकून वास घेतो. त्याला समुद्राच्या मिठाचा वास येतो आणि एका बाईच्या अत्तराचा. डोळे असलेल्यांना जें दिसलें नाहीं तें त्याला कळतें.

पुढें बेन्स एक चमत्कारिक सौदा करतो: अ‍ॅडानें आपल्याला जवळ येऊं द्यावें व दर भेटीस एकेक काळी पट्टी परत मिळवावी. हा सौदा हीन आहे हें त्याचें त्यालाच कळून येतें आणि तो पियानो तिला परत पाठवितो. येथें एक लहानसा संवाद आहे, व आमच्या मतें साऱ्या बोलपटाची किल्ली तेथें आहे. पियानो दारीं आलेला पाहून स्टूअर्टला चिंता पडते ती एवढीच, कीं आतां आपल्याला जमीन परत द्यावी लागेल काय. बेन्स त्याला निश्चिंत करतो. म्हणजे शेवटीं हिशेब कसा झाला? पियानो अ‍ॅडाकडे परत आला. ८० एकर स्टूअर्टकडे राहिले. आणि त्याबद्दल त्यानें स्वतःचें असें कांहींच दिलेलें नाहीं. त्यानें दिला तो बायकोचा पियानो.

या सौद्यांत अ‍ॅडावर झालेला अन्याय बोलपटानें अगदीं तळापर्यंत दाखविला आहे. बापानें ती दुसऱ्याच्या स्वाधीन केली, नवऱ्यानें तिचा आवाज जमिनीसाठीं विकला, आणि तिचें मन दुसरीकडे गेलें हें कळतांच कुऱ्हाडीनें तिचें बोट तोडलें. परंतु तराजूच्या दुसऱ्या पारड्यांतील ती ८० एकर जमीन बेन्सकडे कोठून आली, हें बोलपट सांगत नाहीं. तो प्रश्न त्याला सुचलेलाच नाहीं असेंहि नव्हे. एका प्रसंगीं माओरी आपल्या पूर्वजांच्या दफनभूमीची जमीन विकण्यास साफ नकार देतात. स्टूअर्ट घोंगड्या व बंदुका देऊं करतो, मजुरांना गुंड्या देऊन बोळवूं पाहतो, आणि कुरकुरतो कीं हे लोक जमीन कसत नाहींत, रान साफ करीत नाहींत, मग ती आपली आहे हें यांना कळतें तरी कसें? हें वाक्य लिहिणाऱ्या लेखिकेला वसाहतीचें मर्म ठाऊक होतें. पण ठाऊक असूनहि तिनें तें पार्श्वभूमीलाच ठेवलें.

या ठिकाणीं आमच्या मराठी वाचकाला एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाहीं. त्याच सुमारास, १८५२ च्या ११ व्या कायद्यानें, मुंबई इलाख्यांत इनाम कमिशन घराघरांच्या दारीं येऊन सनदा मागूं लागलें. पिढ्यान् पिढ्या वहिवाट असलेली जमीन कागद दाखवितां आला नाहीं म्हणून गेली, अशा हकीकती पुष्कळ घराण्यांत अजून सांगितल्या जातात. मालकीचा पुरावा कोणी मागावयाचा व कोणी द्यावयाचा, हें जेथें सत्तेनें ठरतें तेथें ‘ही तुमची कशावरून?’ हा प्रश्न निरपेक्ष राहत नाहीं. न्यूझीलंडांत तर लेखी करारहि होता. १८४० सालच्या वैतांगीच्या करारानें माओरींच्या जमिनींचें संरक्षण करण्याचें वचन दिलें होतें, व त्यांना जमीन विकावयाची झालीच तर ती राणीच्या सरकारलाच विकावी असें बंधनहि घातलें होतें. पुढें १८६३ च्या कायद्यानें बंडखोर ठरविलेल्यांच्या भूमि जप्त झाल्या, आणि १८६५ पासूनच्या जमीन-न्यायालयानें सामाईक मालकी तोडून ती विक्रीस मोकळी केली. वायकाटो येथील माओरींना त्या जप्तीबद्दल सरकारची माफी व १७ कोटी डॉलरची भरपाई मिळाली ती १९९५ सालीं, म्हणजे हा बोलपट निघाल्यावर अवघ्या दोन वर्षांनीं. तेव्हां बोलपट तयार होत होता त्या काळांतच त्या देशांत हा प्रश्न जिवंत होता.

बोलपटांतील माओरी काय करतात? ते पियानो उचलतात. किनाऱ्यावरून रानांत, एका घरांतून दुसऱ्या घरांत, आणि शेवटीं होडींत, दर वेळीं तो त्यांच्या खांद्यावर असतो. उरलेल्या वेळीं ते हंसतात, थट्टा करतात, बेन्सशीं चावट बोलतात; आणि गोऱ्यांच्या नाटुकल्यांत पडद्यावर कुऱ्हाडीची छाया दिसतांच ती खरी समजून रंगभूमीवर चालून जातात. माओरी विदुषी लिओनी पिहामा यांनीं या चित्रणावर कडक आक्षेप घेतला होता, आणि तो आम्हांला रास्त वाटतो. मुक्या बाईला ज्या बोलपटानें इतकी वाचा दिली त्यानें बोलणाऱ्या माणसांना मुकें करावें, हें त्याचें मोठेंच वैगुण्य आहे.

शेवटचा प्रसंग सर्वांत गाजलेला. स्टूअर्ट अ‍ॅडाला जाऊं देतो. ती बेन्सबरोबर होडीनें निघते, आणि वाटेंत एकाएकीं पियानो समुद्रांत टाका म्हणून हट्ट धरते. दोर सुटतो, त्यांत तिचा पाय अडकतो, ती पाण्याखालीं ओढली जाते, आणि खोल गेल्यावर आपण होऊन पाय सोडवून जगणें पत्करते. नंतर नेल्सन गांवीं धातूचें बोट लावून ती शिकवण्या करते व हळूहळू बोलावयास शिकते. दृश्य म्हणून हें विलक्षण सुंदर आहे. पण पियानोबरोबर त्याच्या मोलाचा प्रश्नहि बुडाला, हें आमच्या नजरेआड होत नाहीं. तिनें आपलें ओझें टाकलें. होडी हलकी झाली. ओढ्यापलीकडची ८० एकर मात्र जेथल्या तेथें राहिली. कोणी म्हणेल कीं कलाकृतीनें जमिनीचे दस्तऐवज तपासीत बसावें काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. बोलपटांत जमिनीचा उल्लेखच नसता तर आम्हींहि तो काढला नसता. परंतु ज्या कथेंत पियानोचें मोल एकरांत सांगितलें आहे, तिच्यांतील प्रेक्षकाला एकरांविषयीं विचारण्याचा हक्क आहे.

आतां विल्सन यांच्या नाटकाकडे वळूं. विल्सन (१९४५–२००५) यांनीं विसाव्या शतकाच्या प्रत्येक दशकावर एक अशीं दहा नाटकें लिहिलीं. त्यांपैकीं तिसऱ्या दशकानंतरचें, म्हणजे १९३६ सालांतलें हें नाटक. नांव त्यांनीं घेतलें तें रोमेर बेअर्डन या चित्रकाराच्या त्याच नांवाच्या चित्रावरून. त्यास १९९० सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. स्थळ पिट्सबर्ग शहरांतील एक साधें घर. दक्षिणेंतील गुलामीच्या भूमींतून उत्तरेच्या कारखान्यांच्या शहरांकडे जे लाखों कृष्णवर्णीय त्या काळांत येऊन वसले, त्यांपैकीं चार्ल्स हें एक कुटुंब. यांनाहि नवी वस्ती करावयाची होती; पण ते कोणाची भूमि बळकावण्यास आलेले नव्हते, स्वतःच्या घामाची भूमि मागें टाकून आले होते. हा फरक मनांत धरला पाहिजे. घराच्या दिवाणखान्यांत एक जुना पियानो आहे, आणि त्याच्या लाकडावर माणसांचे चेहरे कोरलेले आहेत.

त्याची कथा घरांतील वडील माणूस डोकर सांगतो. गुलामीच्या दिवसांत या कुटुंबाचा मालक सटर यास लग्नाच्या वाढदिवशीं बायकोला पियानो द्यावयाचा होता. जवळ रोकड नव्हती. म्हणून त्यानें पियानोच्या बदल्यांत ‘दीड’ गुलाम दिले: एक बाई व तिचा नऊ वर्षांचा मुलगा. मालकिणीला कांहीं दिवस पियानोचें सुख झालें, मग त्या बाईची व मुलाची आठवण येऊं लागली. पण सौदा उलटेना. तेव्हां सटरनें त्या बाईच्या नवऱ्याला, जो कुशल सुतार होता, पियानोवर दोघांचे चेहरे कोरण्यास सांगितलें. त्यानें ते कोरले, आणि तेवढ्यावर न थांबतां आपल्या आईबापांचीं, लग्नाचीं, जन्ममृत्यूंचीं चित्रेंहि कोरलीं. मालकानें एक शोभेची वस्तु मागितली आणि गुलामानें तिच्यावर आपल्या वंशाचा दप्तरखाना लिहून ठेवला! पुढें १९११ च्या ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीं, सटर मंडळी वनभोजनास गेलेली पाहून नातू बॉय चार्ल्स यानें भावांसह तो पियानो पळवून आणला. जोंवर तो सटरच्या घरीं आहे तोंवर आपण गुलामच, असें त्याचें म्हणणें. त्याच दिवशीं त्याचा पाठलाग झाला आणि तो आगगाडीच्या मालडब्यांत जिवंत जळाला. त्याची विधवा पुढें सतरा वर्षें, हातांतून रक्त येईपर्यंत, तो पियानो पुसून लखलखीत ठेवीत होती.

नाटकाचा संघर्ष या विधवेच्या दोन मुलांत आहे. बॉय विली कलिंगडांनीं भरलेला ट्रक घेऊन दक्षिणेहून येतो. त्याला पियानो विकावयाचा आहे, कारण सटरच्या वंशजांची जमीन विक्रीस निघाली आहे. ज्या मातींत आजोबा गुलाम म्हणून राबले ती आपल्या नांवावर करून घ्यावी, हें त्याचें स्वप्न. बापाला जमीन मिळाली असती तर त्यानें पियानो पळविलाच नसता, असा त्याचा युक्तिवाद. बहीण बर्नीस तो विकूं देत नाहीं. पण वाजवीतहि नाहीं, आणि मुलगी मरीथा हिला त्यावरील चेहऱ्यांची हकीकतहि सांगत नाहीं. विल्सनचें श्रेष्ठत्व असें कीं, या वादांत त्यानें कोणालाहि खोटें पाडलेलें नाहीं. भावाचें म्हणणें ऐकलें कीं वाटतें, पूर्वजांची पूजा करीत भाड्याच्या घरांत बसण्यापेक्षां जमीन बरी. बहिणीचें ऐकलें कीं वाटतें, ज्या वस्तूसाठीं बापानें प्राण दिला ती बाजारांत मांडावयाची कशी? दोघेहि एकाच वारशाचे प्रामाणिक वारस आहेत.

बोलपटाशीं तुलना येथें आपोआप होते. तेथें जमीन देऊन पियानो घेतला, येथें पियानो देऊन जमीन घ्यावयाची आहे. परंतु विल्सन आपल्याला दोन्ही पारड्यांतील मालाचा इतिहास सांगतो. पियानोचें मोल दीड माणूस; जमिनीचें मोल तीन पिढ्यांचा घाम. एकहि वस्तु बिनहिशेबी रंगभूमीवर येत नाहीं. बोलपटांतील पियानो दुसऱ्यांच्या खांद्यावरून सहज हिंडतो. येथें बॉय विली व त्याचा मित्र अंगांतील सारें बळ लावतात तरी तो जागचा हलतां हलत नाहीं. आणि बोलपटाचा शेवट पियानो टाकून देण्यांत झाला, तर नाटकाचा शेवट तो वाजविण्यांत होतो. मृत सटरचें भूत घरांत वावरत असतें. बॉय विली त्याच्याशीं झुंजतो, धर्मोपदेशकाचे मंत्र फुकट जातात, आणि शेवटीं बर्नीस कित्येक वर्षांनीं पट्ट्यांवर हात ठेवते व आपल्या मृत आजी-आजोबांना, आई-बापांना नांवें घेऊन हांक मारते. भूत जातें. भाऊ पियानो विकण्याचा नाद सोडून निघतो. मात्र जातांना बजावतो कीं, वाजवीत राहा.

नाटक निर्दोष आहे असें नव्हे. डोकरचें निवेदन फार लांबतें, एकच गोष्ट दोनदां-तीनदां सांगितली जाते, आणि इतक्या वास्तववादी संसारांत खरोखरचें भूत आणणें कित्येक टीकाकारांना मानवलें नाहीं. आम्हांलाहि प्रथम वाचनीं तें उसनें वाटलें. परंतु फिरून वाचतां असें दिसलें कीं सटरचें भूत दुसरें तिसरें कांहीं नसून त्या पियानोवरची जुनी मालकी आहे. विकत घेणारा मेला तरी त्याचा दावा मरत नाहीं. तो दावा कागदानें, मंत्रानें किंवा मुष्टियुद्धानें उठत नाहीं. ज्यांचें मोल देऊन वस्तु आली त्यांचीं नांवें उच्चारलीं कीं उठतो. हा विचार भुताशिवाय रंगभूमीवर दाखवितां आला असता कीं नाहीं, याची आम्हांला शंकाच आहे.

मग वडिलोपार्जित वस्तु कोणाची? ती टाकून देणें हा सुटकेचा मार्ग असेल, पण तें उत्तर नव्हे, कारण टाकणारा हलका होतो आणि हिशेब तसाच राहतो. ती पुसूनपासून मुकी ठेवणें हेंहि उत्तर नव्हे. बर्नीसनें तें करून पाहिलें. विल्सनच्या नाटकांत बॉय विली बहिणीला एके ठिकाणीं सुनावतो कीं, बापानें पियानो ज्या दिवशीं घरीं आणला त्या दिवसावर पंचांगांत खूण करून तूं दर वर्षीं सण करावयास हवा होतास. मग ही पोर मान ताठ ठेवून चालली असती. विकावयास आलेल्या भावाच्या तोंडीं हें वाक्य घालण्यांत नाटककाराची न्यायबुद्धि दिसते. न्यूझीलंडांतील जीं घरें आज पणजीचा पियानो अभिमानानें दाखवितात, त्यांनाहि तोच सल्ला लागू आहे. फरक इतकाच कीं त्यांच्या पंचांगांतील खूण सणाचीच असेल असें नाहीं.

आणि आमच्या घरांचें काय? आमच्याकडे पियानो नाहीं. पण वाडे आहेत, इनामाच्या जमिनी होत्या, दागिने आहेत, आणि त्या प्रत्येकामागें कोणीतरी राबलेला, कोणीतरी वंचित झालेला माणूस असण्याचा संभव आहे. इनाम कमिशनानें आमच्याकडे सनद मागितली तेव्हां आम्हांला तो अन्याय वाटला, आणि बऱ्याच अंशीं तो होताहि. परंतु त्या इनामावर नांगर धरणाऱ्या कुळाची सनद आम्हीं कधीं विचारली होती काय? वाड्याच्या चिऱ्यावर धन्याचें नांव असतें, पाथरवटाचें नसतें. मुलांना आपण समईची, नथीची, वाड्याची कथा सांगतों ती आजोबांच्या कर्तबगारीची. तींत ज्यांच्या हातांनीं तें उभें राहिलें त्यांचीं, माहीत असतील तेवढीं, नांवें घालावयास हरकत नसावी. बर्नीसला आपल्या माणसांचीं नांवें पियानोच्या लाकडावर कोरलेलीं सांपडलीं. आमच्या वस्तूंवर तीं कोरलेलीं नाहींत. घरांतील म्हाताऱ्या माणसांना तीं विचारून घ्यावीं लागतील, आणि तीं माणसें आहेत तोंवरच विचारलीं पाहिजेत.